आपला कुत्रा आपल्याला कां आवडतो?

(नभोवाणीवरील भाषण)

आमच्या घराजवळच्या बागेंत संध्याकाळीं फिरावयास येणाऱ्या मंडळींत एक निराळीच बिरादरी आहे. हे लोक परस्परांना स्वतःच्या नांवानें ओळखत नाहींत. कुत्र्यांच्या नांवानें ओळखतात. ‘ब्रूनोचे वडील आज दिसले नाहींत?’ किंवा ‘सोन्याच्या आजींचा गुडघा आतां कसा आहे?’ अशीं वाक्यें तेथें सहज कानांवर पडतात, आणि त्यांत कोणाला कांहीं वावगें वाटत नाहीं. मध्यंतरीं एकदां मीं ह्या मंडळींना एक साधा प्रश्न विचारला : ‘आपल्या कुत्र्याची कोणती गोष्ट आपल्याला सर्वांत अधिक आवडते?’

उत्तर देण्यासाठीं कोणालाहि फारसा विचार करावा लागला नाहीं. लॅब्राडोर पाळणारे एक गृहस्थ म्हणाले, ‘मी दारांत पाऊल टाकलें कीं हा तोंडांत माझी चप्पल घेऊन सामोरा येतो. आजवर एका चपलेला दांत लागलेला नाहीं.’ अल्सेशियनच्या मालकीणबाई म्हणाल्या, ‘मी स्वयंपाकघरांत गेलें कीं हा उंबऱ्यावर, मी गच्चीवर गेलें कीं हा जिन्यांत. मला नजरेआड होऊं देत नाहीं.’ डॅक्सहुंड बाळगणारा एक विद्यार्थी म्हणाला, ‘उंची वीतभर, पण भीति म्हणून ठाऊक नाहीं.’ शेवटीं पगवाले आजोबा म्हणाले, ‘आमच्या साहेबांचें घोरणें ऐका एकदां! घरांत कोणी वडीलधारें माणूस झोंपलें आहे असें वाटतें.’ ह्यावर सर्वजण खूप हंसले. मला मात्र हंसूं आलें नाहीं. त्याचें कारण मी पुढें सांगणार आहें.

घरीं येऊन मी ह्या उत्तरांचा विचार करूं लागलों, तेव्हां एक गोष्ट ध्यानांत आली. ह्या प्रत्येकानें, नकळत, आपल्या कुत्र्याच्या पूर्वजांचा धंदा सांगितला होता. माणसानें ज्या कामासाठीं कुत्र्याची एखादी जात शेंकडों वर्षें निवडून निवडून घडविली, त्या कामाचा अवशेष म्हणजेच आज आपल्याला मोहविणारा त्याचा गुण होय. आणि त्याच कुत्र्याविषयीं आपली जी तक्रार असते तीहि बहुधा त्याच मुळांतून उगवलेली असते. आज आपणांपुढें ह्याच नात्याचा थोडा उलगडा करावा असा विचार आहे. कुत्रा घरीं आणूं पाहणाऱ्यांना त्याचा उपयोग होईलच. पण ज्यांच्या घरीं तो अगोदरच येऊन बसला आहे त्यांनाहि तो व्हावा, अशी माझी इच्छा आहे.

माणूस आणि कुत्रा ह्यांची सोबत फार जुनी आहे. कुत्रा हा करड्या लांडग्याच्या कुळांतला, ह्याविषयीं आतां शंका उरलेली नाहीं. जर्मनींत बॉन शहराजवळ ओबरकासेल येथें १९१४ सालीं दगडाच्या खाणींत काम चालू असतां एक पुरुष, एक स्त्री आणि एक कुत्रा ह्यांचे एकत्र पुरलेले अवशेष सांपडले. हें दफन सुमारें १४,००० वर्षांपूर्वींचें आहे. पुढें संशोधकांनीं त्या कुत्र्याचे दांत बारकाईनें तपासले, आणि २०१८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखांत असा निष्कर्ष निघाला कीं, हें पिल्लूं कांहीं महिन्यांचें असतांनाच एका भयंकर रोगानें आजारी पडलें असावें, व कोणी ऊब, पाणी आणि स्वच्छता ह्यांची काळजी घेतल्यावांचून तें इतके दिवस जगलेंच नसतें. आजारी पिल्लाचा शिकारीला उपयोग नसतो व राखणीलाहि नसतो. तरीसुद्धां कोणीतरी त्याच्या उशाशीं बसलें होतें. काश्मीरांत श्रीनगरजवळ बुर्झहोम येथील नवाश्मयुगीन वस्तींतहि माणसांच्या शेजारीं कुत्रीं पुरलेलीं सांपडलीं आहेत. आपल्याकडे तर दत्तात्रेयाच्या पायांशीं चार कुत्रीं आहेत, खंडोबाच्या सोबतीला कुत्रा आहे, आणि धर्मराजानें स्वर्गाच्या दाराशीं आपल्यामागून आलेल्या कुत्र्याला सोडून आंत जाण्याचें नाकारल्याची कथा लहानपणीं ऐकली नाहीं असा श्रोता विरळा.

सोबत इतकी जुनी असली तरी आज आपण ज्यांना ‘जातिवंत’ म्हणतों त्या बहुतेक जाती मात्र कालपरवांच्या आहेत. पूर्वीं कुत्र्याची ओळख त्याच्या कामावरून होई : मेंढ्या राखणारा, ससा धरणारा, उंदीर मारणारा, दार राखणारा. त्याचे कान उभे आहेत कीं पडलेले, ह्याची चौकशी कोणी करीत नसे. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांत हें बदललें. न्यूकॅसल येथें १८५९ मध्यें कुत्र्यांचें प्रदर्शन भरलें. त्यांत केवळ पॉइंटर आणि सेटर ह्या दोन प्रकारचे शिकारी कुत्रे होते. १८७३ मध्यें लंडनला केनेल क्लब स्थापन झाला, वंशावळींच्या वह्या लिहिल्या जाऊं लागल्या, आणि कोणत्या जातीचें नाक किती लांब व शेपूट किती वांकडें असावें ह्याचे नियम छापले गेले. कुत्रा कामावरून ओळखला जात होता तो रूपावरून ओळखला जाऊं लागला. ह्या एका फरकाचे परिणाम आज आपल्या दिवाणखान्यांत गालिच्यावर पहुडलेले आहेत.

प्रथम लॅब्राडोर घेऊं. कारण शहरांतल्या कुटुंबांत त्याच्याइतका लाडका दुसरा क्वचितच असेल. नांव लॅब्राडोर असलें तरी ह्याचें मूळ कॅनडाच्या पूर्वेकडील न्यूफाउंडलंड बेटावर आहे. तेथील कोळ्यांचे काळे, आंखूड केसांचे कुत्रे बर्फासारख्या थंड पाण्यांत उड्या घेऊन जाळ्यांचे दोर ओढून आणीत व निसटलेले मासे धरून आणीत. एकोणिसाव्या शतकांत हे कुत्रे जहाजांतून इंग्लंडला गेले. तेथील उमरावांनीं त्यांना बंदुकीनें पाडलेले पक्षी उचलून आणण्यास शिकविलें. पक्षी तोंडांतून आणावयाचा, पण त्यावर दांत उमटूं द्यावयाचा नाहीं, ही त्यांतली खुबी. १९०३ मध्यें केनेल क्लबानें ही जात मान्य केली. तेव्हां बागेंतल्या आमच्या मित्राला त्यांची चप्पल जी अखंड मिळते ती ह्या विद्येच्या कृपेनें. माणसाजवळ राहून त्याच्या सूचनेची वाट पाहणें हाच ज्याचा पिढीजात धंदा, तो मुलांशीं सौम्यपणें वागतो ह्यांत नवल नाहीं.

परंतु ह्याच लॅब्राडोरविषयीं घरोघरीं तक्रारहि एकच असते : ‘ह्याचें पोट भरतच नाहीं.’ जेवणाच्या ताटावर त्याची जी आर्जवी नजर खिळते, तिला विरघळून आपण अर्धी पोळी टाकतों. १२ वर्षें जगूं शकणारा कुत्रा मग आठव्या वर्षींच सांधे धरून बसतो. ह्या भुकेमागें केवळ हावरटपणा नाहीं. केंब्रिज येथील संशोधकांनीं २०१६ मध्यें दाखवून दिलें कीं, सुमारें एक चतुर्थांश लॅब्राडोर कुत्र्यांत भुकेचें नियमन करणाऱ्या एका जनुकाचा तुकडा गळलेला असतो. २०२४ मध्यें असेंहि आढळलें कीं, ज्या कुत्र्यांत हा दोष असतो त्यांना दोन जेवणांच्या मध्यें अधिक भूक लागते आणि स्वस्थ बसलेले असतांना त्यांचें शरीर शक्ति कमी खर्च करतें. म्हणजे भूक जास्त आणि खर्च कमी. अशा कुत्र्याला शिकविणें सोपें जातें; कारण खाऊच्या तुकड्यासाठीं तो वाटेल तें करतो. त्याचा जो शहाणपणा आपण पाहुण्यांपुढें मिरवितों त्यांत कांहीं अंशीं त्याची कधींहि न शमणारी भूक असूं शकेल. म्हणून त्याच्यावर खरें प्रेम करावयाचें तर अन्न मापून द्यावें, आणि त्या नजरेपुढें थोडें कठोर व्हावें.

आतां अल्सेशियन. ह्याचें खरें नांव जर्मन शेफर्ड, म्हणजे जर्मनीचा मेंढपाळ. १८९९ मध्यें माक्स फॉन स्टेफानिट्स ह्या घोडदळांतल्या माजी अधिकाऱ्यानें एका प्रदर्शनांत एक मेंढपाळी कुत्रा पाहिला, तो तेथल्या तेथें विकत घेतला, आणि त्याच्यापासून ही जात उभी केली. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांना जर्मन हा शब्दच नकोसा झाला, म्हणून त्यांनीं अल्सेस प्रांताच्या नांवावरून त्याला अल्सेशियन म्हटलें. इंग्लंडांत १९७७ मध्यें त्याला जुनें नांव परत मिळालें. आपल्याकडे जुन्या मंडळींच्या तोंडीं अद्याप अल्सेशियनच आहे. कुंपण नसलेल्या शेतांच्या कडेनें मेंढ्यांचा कळप चालला असतां दिवसभर कळपाच्या काठाकाठानें येरझाऱ्या घालावयाच्या आणि एकहि मेंढी पिकांत शिरूं द्यावयाची नाहीं, हें त्याचें काम. बाई स्वयंपाकघरांतून गच्चीवर जातात तेव्हां त्यांच्यामागून जाणारा कुत्रा हेंच करीत असतो. त्याचा कळप चार माणसांचा आहे, इतकेंच. पण ज्याच्या पूर्वजांनीं दिवसाला कित्येक मैल चालावें त्याला दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत कोंडून संध्याकाळीं पंधरा मिनिटें फिरवून आणलें, तर तो सोफ्याचा कापूस बाहेर काढतो. आपण त्याला खोडकर म्हणतों. तो बिचारा बेकार असतो.

डॅक्सहुंड ह्या जर्मन नांवाचा अर्थ ‘बॅजरचा कुत्रा’ असा आहे. बॅजर हा बिळांत राहणारा, मजबूत नखांचा प्राणी. त्याच्या मागोमाग बिळांत शिरावयाचें तर पाय आंखूड आणि अंग लांबट हवें. आणि मालक वर, शत्रु समोर, चहूंकडे अंधार अशा प्रसंगीं स्वतःच्याच बुद्धीनें निर्णय घेण्याची धमक हवी. १९७२ च्या म्यूनिक ऑलिंपिक सामन्यांसाठीं जर्मनांनीं ‘वाल्डी’ नांवाचा रंगीबेरंगी डॅक्सहुंड बोधचिन्ह म्हणून निवडला, तो ह्या चिकाटीमुळेंच शोभून दिसला. आपण हांक मारली असतां हा कुत्रा प्रथम आपल्याकडे पाहतो, मग विचार करतो, आणि पटलें तरच येतो. मालकांना ह्या हट्टाचें कौतुक वाटतें. परंतु आंखूड पायांबरोबर त्याच्या वांट्याला कण्याचें दुखणेंहि आलें आहे. ज्या आनुवंशिक फेरफारामुळें पाय खुजे राहतात त्याच प्रकारच्या फेरफारामुळें कण्यांतल्या मणक्यांमधील चकत्या लवकर कडक होतात, आणि एखाद्या उडीसरशीं चकती सरकून मागचे पाय लुळे पडूं शकतात. म्हणून ह्या कुत्र्याला पलंगावरून उड्या मारूं देऊं नयेत, जिने चढावयास लावूं नये, आणि उचलतांना एक हात छातीखालीं व दुसरा कमरेखालीं देऊन आडवा उचलावा.

परदेशी कुत्र्यांच्या ह्या मिरवणुकींत आपल्या घरचा एक मानकरी मागें राहतो. मराठवाड्यांत लातूरकडे, सोलापूरच्या बाजूस, आणि तेथून खालीं कर्नाटकांत मुधोळपर्यंत एक उंच, सडपातळ, लांब तोंडाचा कुत्रा शेतकऱ्यांच्या घरीं पिढ्यान्‌पिढ्या आहे. आपल्याकडे त्याला कारवानी म्हणतात, तिकडे मुधोळचा कुत्रा म्हणतात. छाती खोल, कंबर मुठींत मावेल अशी, पाय तारेसारखे. हा वासावर विसंबत नाहीं. दूरवर सशाची हालचाल दिसली कीं बाणासारखा सुटतो. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे ह्यांनीं ह्या कुत्र्यांची जोपासना केली आणि पंचम जॉर्ज बादशहांना एक जोडी भेट दिली. २००५ मध्यें भारताच्या टपाल खात्यानें चार देशी जातींचीं तिकिटें काढलीं, त्यांत मुधोळचा कुत्रा होता. ह्या कुत्र्याच्या मालकाला विचारा. तो म्हणेल, ‘हा कोणाच्या अंगचटीस जात नाहीं. घरच्या माणसाखेरीज कोणी हात लावलेला त्याला खपत नाहीं.’ ह्या मानी स्वभावावरच त्याचा जीव असतो. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर सशाची शिकार गुन्हा ठरली, आणि ती योग्यच गोष्ट झाली. मात्र त्यामुळें ह्या कुत्र्याचा धंदा गेला. आतां त्याला शहरांत आणणाऱ्यानें निदान रोज मोकळें धांवण्यास मैदान आहे कीं नाहीं हें अगोदर पाहावें. साखळीला बांधलेला कारवानी म्हणजे खुंटीला टांगलेली तलवार.

आतां मी पगाकडे येतों. आणि बागेंत मला हंसूं कां आलें नाहीं तें सांगतों.

पग हा चीनच्या राजदरबारांतला कुत्रा. मांडीवर बसणें आणि मन रमविणें हेंच त्याचें काम. सोळाव्या शतकाच्या सुमारास तो डच व्यापाऱ्यांबरोबर युरोपांत गेला आणि तेथील राजघराण्यांचा लाडका झाला. आपल्याकडे २००३ च्या सुमारास एका दूरध्वनि कंपनीच्या जाहिरातींत एका लहान मुलाच्या मागोमाग दुडुदुडु जाणारा पग दिसूं लागला, आणि घरोघरच्या मुलांनीं आईवडिलांच्या मागें लकडा लावला. आमच्या घरींहि तसेंच झालें. दीड महिन्याचें एक पिल्लूं आलें. त्याचें नांव आम्हीं गुंड्या ठेविलें. मोठे पाणीदार डोळे, कपाळावर चिंतातुर माणसाच्या असाव्यात तशा आंठ्या, आणि चपटें काळें तोंड. तो लवकरच घोरूं लागला. काय तें घोरणें! आलेल्या पाहुण्यांना आम्ही मुद्दाम आंतल्या खोलींत नेऊन तें ऐकवीत असूं. माझ्या मुलीनें तर तें ध्वनिमुद्रित करून आपल्या मैत्रिणींना पाठविलें होतें.

त्या घोरण्याचा अर्थ मला पुष्कळ उशीरां कळला. तो असा आहे. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाहीं. त्याच्या पंजांच्या तळव्यांना तेवढा थोडासा येतो. शरीराची उष्णता बाहेर टाकण्याचा त्याचा मुख्य मार्ग म्हणजे धापा टाकणें. जीभ, तोंड आणि लांब नाकाच्या आंतील ओल्या पडद्यांवरून हवा वेगानें खेळली म्हणजे पाण्याची वाफ होते आणि रक्त थंड होतें. पगाचें तोंड चपटें करण्याच्या नादांत माणसानें हाडें आंखूड केलीं. परंतु त्या हाडांच्या आंतलें मऊ मांस त्या मानानें कमी झालें नाहीं. मोठ्या खोलींतलें सामान लहान खोलींत कोंबावें तसें तें आंत दाटलें. नाकपुड्या चिरेसारख्या अरुंद झाल्या आणि टाळूचा मागचा मऊ पडदा लांब होऊन श्वासाच्या वाटेंत लोंबूं लागला. श्वास घेतांना तो पडदा थरथरतो, आणि आपल्याला गंमत वाटते. झोंपेंत जें घोरणें ऐकूं येतें तें त्या जीवानें हवेसाठीं केलेले कष्ट असतात.

गुंड्या सहा वर्षांचा असतांना मे महिन्यांत एके दिवशीं चार वाजतां मी त्याला बाहेर नेलें. ऊन उतरलें असें मला वाटलें होतें. तोहि नेहमींप्रमाणें उड्या मारीत निघाला. कारण माझ्याबरोबर जाणें ह्याहून मोठें सुख त्याला ठाऊक नव्हतें. अर्धा मैल गेल्यावर तो बसला. मला वाटलें, आळस करतो आहे. मीं साखळीला थोडा हिसका दिला. तो उठला, आणखी दहा पावलें चालला, आणि आडवा झाला. त्याची जीभ निळसर दिसूं लागली होती. मीं त्याला उचलून धांवत पशुवैद्यांकडे नेलें. त्यांनीं जें करण्यासारखें होतें तें सर्व केलें. रात्रीं आठ वाजतां गुंड्या गेला. पशुवैद्यांनीं मला एक शब्दहि लावून बोलला नाहीं. इतकेंच विचारलें, ‘ह्याचें घोरणें केव्हांपासून वाढलें होतें?’ मला उत्तर देतां आलें नाहीं. आम्ही तें रोज ऐकत होतों.

ही हकीकत सांगण्यांत पगवाल्या आजोबांना दोष देण्याचा हेतु नाहीं. दुसऱ्या दिवशीं मीं त्यांना बाजूला घेऊन हेंच सर्व सांगितलें आणि त्यांनीं तें शांतपणें ऐकून घेतलें. ज्यांच्या घरीं पग, बुलडॉग किंवा तसलाच चपट्या तोंडाचा कुत्रा आहे त्यांनीं घाबरून जाऊं नये. पण कांहीं गोष्टी अवश्य कराव्या. त्याला फिरावयास न्यावयाचें तें सूर्योदयापूर्वीं किंवा जमीन पुरती निवल्यावर. गळ्याला पट्टा न बांधतां छातीवरून जाणारा पट्टा बांधावा. वजन मुळींच वाढूं देऊं नये. घोरणें वाढलें, चालतांना तो वारंवार बसूं लागला, तर पशुवैद्यांना दाखवावें. नाकपुड्या रुंद करण्याची आणि टाळूचा पडदा कमी करण्याची शस्त्रक्रिया आतां करतां येते. आणि उन्हानें कोणताहि कुत्रा कोसळला तर त्याला सावलींत नेऊन अंगावर भरपूर थंड पाणी ओतावें, वारा घालावा, आणि तसाच त्वरेनें दवाखान्यांत न्यावा. मला हें त्या दिवशीं ठाऊक नव्हतें.

इतकें सर्व ऐकल्यावर श्रोत्यांचा असा समज होईल कीं जात कळली म्हणजे कुत्रा कळला. तसेंहि नाहीं. अमेरिकेंतील संशोधकांनीं १८,००० हून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून त्यांच्या वागणुकीची माहिती गोळा केली आणि त्यांपैकीं २,००० हून अधिक कुत्र्यांच्या आनुवंशिक घटकांची तपासणी केली. २०२२ मध्यें प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा कीं, एका कुत्र्याच्या आणि दुसऱ्या कुत्र्याच्या वागण्यांत जो फरक दिसतो त्यांतल्या अवघ्या ९ टक्क्यांचा उलगडा जातीवरून होतो. सांगितलेलें ऐकणें, वस्तु उचलून आणणें अशा जुन्या धंद्याच्या गोष्टींत जातीचा हात अधिक. पण अमुक कुत्रा लवकर चिडेल कीं नाहीं ह्यांत तो फारच थोडा. तेव्हां ‘ह्या जातीचा आहे, म्हणजे मुलांना चावणारच नाहीं’ अशा भरंवशावर कोणी राहूं नये. आणि ‘त्या जातीचा आहे, म्हणजे दुष्टच असणार’ असेंहि समजूं नये. जात धंदा सांगते. स्वभाव मात्र त्या एका कुत्र्याबरोबर राहूनच कळतो.

आणि कुत्र्यांत जें आपल्याला सर्वांत अधिक गुंतवितें तें तर कोणत्याहि एका जातीच्या मालकीचें नाहीं. २०१५ मध्यें जपानी संशोधकांना असें आढळलें कीं, कुत्रा आणि त्याचा मालक एकमेकांच्या डोळ्यांत पाहूं लागले म्हणजे दोघांच्याहि शरीरांत ऑक्सिटोसिन नांवाचा अंतःस्राव वाढतो. आई आणि तान्हें मूल ह्यांच्यांतील जिव्हाळ्याशीं ज्याचा संबंध आहे तोच हा स्राव. माणसानें वाढविलेल्या लांडग्यांत मात्र हें दिसलें नाहीं. २०१९ मध्यें आणखी एक गोष्ट पुढें आली. भुंवईची आंतली कड वर उचलणारा एक लहानसा स्नायु कुत्र्यांत चांगला वाढलेला असतो, लांडग्यांत तो जवळजवळ नसतोच. ह्या स्नायूनें कुत्र्याचे डोळे मोठे आणि किंचित् दुःखी दिसतात, आणि आपण हातांतलें काम टाकून त्याच्याकडे वळतों. हजारों वर्षें माणसाच्या नजरेसमोर राहून कुत्र्यानें हें कमावलें आहे. रस्त्यावरच्या कुत्र्याजवळहि तें आहेच.

रस्त्यावरच्या कुत्र्याचें नांव निघालें, तर एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपण त्याला ‘गांवठी’ म्हणतों आणि निरनिराळ्या जातिवंत कुत्र्यांच्या संकरांतून उरलेला गाळ असें समजतों. वस्तुतः तांबूस रंगाचा, उभ्या कानांचा, वांकड्या शेपटीचा हा कुत्रा कोणत्याहि जातीचा भेसळ झालेला अवतार नव्हे. छापील नियमांच्या पुष्कळ पूर्वींपासून तो येथें आहे. त्याचें रूप कोणी ठरविलें नाहीं. आपल्या उन्हानें, पावसानें आणि उपासमारीनें तें ठरविलें. नाक लांब, केस आंखूड, अंग हलकें. ठराविक कुळांतच पैदास झाल्यामुळें जे आनुवंशिक रोग जातिवंतांत सांचत जातात त्यांचा उपद्रव त्याला सामान्यतः कमी. त्याला घरांत घेणाऱ्यानें प्रथम रेबीजची लस टोंचून घ्यावी आणि ती वेळच्या वेळीं टोंचीत जावी. हा नियम अर्थात् सर्वच कुत्र्यांना लागू आहे.

तेव्हां जे श्रोते कुत्रा आणण्याच्या विचारांत असतील त्यांना माझें एवढेंच सांगणें आहे. पिल्लाचें तोंड पाहून भुलण्यापूर्वीं स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. ह्याचे पूर्वज काय काम करीत होते, आणि त्या कामाऐवजीं मी ह्याला काय देणार? आपल्या गांवची हवा ह्याला सोसेल काय? आणि ह्याचें जें रूप मला गोंडस वाटतें त्याची किंमत तर हा बिचारा आपल्या शरीरानें मोजीत नाहीं ना? ह्या तिन्हींचीं उत्तरें समाधानकारक असलीं, तर पुढचीं दहाबारा वर्षें आपली आहेत असें समजून त्याला खुशाल घरीं आणावें. आणि ज्यांच्या घरीं तो आहेच त्यांनीं आज रात्रीं, तो झोंपल्यावर, क्षणभर त्याच्याजवळ बसून त्याचा श्वास ऐकावा.

बागेंत सर्वांची उत्तरें झाल्यावर मंडळींनीं तोच प्रश्न मलाहि विचारला होता. गुंड्यानंतर पांच वर्षें आम्हीं कुत्रा पाळला नाहीं. मग आमच्या फाटकाशीं बसणारी एक तांबडी कुत्री पावसाळ्यांत एका रात्रीं जिना चढून वर आली आणि पायपुसण्यावर अंगाचें मुटकुळें करून झोंपली. नगरपालिकेनें शस्त्रक्रिया करून सोडून दिल्याची खूण म्हणून तिच्या एका कानाला खांच आहे. ती चप्पल आणून देत नाहीं, पायांत घोटाळत नाहीं, आणि पाहुण्यांना दाखवावें असें तिच्यांत कांहीं नाहीं. त्या दिवशीं मला चटकन् उत्तर सुचलें नाहीं. आतां सांगतों. अजून कधीं कधीं मध्यरात्रीं मला जुन्या संवयीनें जाग येते आणि मी कान देऊन ऐकतों. कांहींच ऐकूं येत नाहीं. मग मी उठून दिवा लावतों. तिचें पोट संथपणें वर-खालीं होत असतें. ती एक डोळा उघडून माझ्याकडे पाहते आणि पुन्हां मिटते. तिचें हें आवाज न होतां झोंपणें मला सर्वांत अधिक आवडतें.